शहापूरच्या काकांचे वेब्ली: जुने रिव्हॉल्व्हर घ्यावे की नाही

बेळगावातील एका शस्त्रविक्रेत्याच्या तिजोरीत ठेवलेले बत्तीस बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या छिद्राचे माप), तीन इंची नळीचे वेब्ली अँड स्कॉट मार्क फोर रिव्हॉल्व्हर मी दीड महिन्यात तीन वेळा जाऊन पाहिले. ते घ्यावे की नाही, हा निर्णय आता झाला आहे. या काळात जुन्या शस्त्राची पारख कशी करावी यावर मी जे वाचले ते बहुतेक इंग्रजीत होते आणि परदेशातील कायद्याच्या हिशेबाने लिहिलेले होते. आपल्याकडील परवानाधारकाला त्यातला निम्मा भाग लागू पडत नाही, आणि जो लागू पडतो तो समजून घ्यायला जाणकार माणूस शेजारी बसवावा लागतो. म्हणून मी काय पाहिले, कसे पाहिले आणि शेवटी काय ठरवले, ते सविस्तर लिहीत आहे.

खानापूर तालुक्यात माझा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. मार्च ते मे या हंगामात बी खरेदीसाठी रोख रक्कम जवळ ठेवावी लागते आणि कारखान्याची जागा वस्तीपासून दूर, रानाच्या कडेला आहे. पोलीस चौकशी झाली, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र झाले, राष्ट्रीय नोंदणीतला विशिष्ट क्रमांक मिळाला आणि मग परवाना हाती आला. परवान्यावर क्षेत्र ‘कर्नाटक राज्य’ असे आहे. ही एक ओळ आपल्या सीमाभागात फार मोलाची आहे. माझी निम्मी खरेदी चंदगड तालुक्यातून होते आणि बेळगावाहून वेंगुर्ला रस्त्याने निघाले की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. आपल्याला ती हद्द रोजच्या जाण्यायेण्यात जाणवतही नाही, कारण अलीकडे आणि पलीकडे माणसे आपलीच, भाषा आपलीच आणि सोयरीकही आपलीच. परवान्याला मात्र ती जाणवते. फक्त कर्नाटकापुरत्या परवान्यावरचे शस्त्र कमरेला लावून शिनोळी ओलांडणे किंवा निपाणीच्या पुढे कोगनोळीचा टोलनाका पार करून कोल्हापूरला जाणे हा गुन्हा ठरतो. त्यामुळे हे शस्त्र माझ्याबरोबर फिरणार नाही, ते कारखान्यावर आणि घरीच राहणार, हे मी आधीच मनाशी पक्के केले होते. शस्त्र कशासाठी हवे आहे हे ठरल्याशिवाय ते कोणते हवे, हा प्रश्न सुटत नाही.

आता त्या रिव्हॉल्व्हरविषयी. ते बेळगावच्या शहापूर भागातल्या एका सराफांचे. ते माझ्या वडिलांचे स्नेही होते आणि आम्ही त्यांना काका म्हणत असू. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. तिथल्या जुन्या घरांत दसऱ्याच्या सुमारास आजही एक वेगळा थाट असतो. खंडेनवमीला काका देवघरासमोर पाट मांडत. त्यावर तलवार, दोन कट्यारी, तराजू, वजने आणि एका बाजूला रिकामे केलेले हे रिव्हॉल्व्हर ठेवून सगळ्यांची पूजा करत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना पूजेचे तबक धरून उभा राहिल्याचे मला स्पष्ट आठवते. काळ्या निळसर पोलादावर काकांच्या अनामिकेने लावलेले कुंकवाचे बोट इतके लाल दिसत असे, की माझी नजर तिथून हलत नसे. काका २०२४ च्या अखेरीस गेले. त्यांच्या दोन्ही मुली लग्न होऊन परगावी आहेत. काकूंनी रीतसर ते शस्त्र विक्रेत्याकडे जमा केले आणि मला निरोप पाठवला की तुला परवाना मिळाला आहे असे कळले, तर परक्याकडे जाण्यापेक्षा ते तुझ्याकडे गेलेले बरे.

असा निरोप आल्यावर माणूस अर्धा निर्णय दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच घेऊन बसतो. माझेही तसेच झाले होते आणि म्हणूनच मी स्वतःला तीन फेऱ्यांची अट घातली. पहिल्या फेरीत कागद, दुसऱ्या फेरीत शस्त्र आणि तिसऱ्या फेरीत जाणकार माणूस बरोबर घेऊन पुन्हा शस्त्र पाहायचे, असे ठरवले.

विक्रेत्याने सांगितलेली किंमत ३ लाख ४० हजार रुपये होती. ज्यांनी या वस्तूंचा बाजार पाहिलेला नाही त्यांना हा आकडा अचाट वाटेल, पण त्यामागे कारण आहे. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य नागरिकासाठी परदेशी बंदुका आणि पिस्तुले आयात करणे जवळपास बंद झाले. त्याआधी देशात जी विलायती शस्त्रे आली होती तीच एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत राहिली. माल वाढत नाही आणि मागणी आहे, त्यामुळे जगाच्या इतर भागांत साध्या भावात मिळणाऱ्या वेब्लीला आपल्याकडे सोन्याचा भाव येतो. म्हणजे या किमतीतला मोठा हिस्सा पोलादाचा नसून टंचाईचा आहे. ज्याला शस्त्र घरच्या रक्षणासाठी हवे आहे त्याने हे लक्षात ठेवूनच पैसे मोजावेत.

बोअरविषयी थोडक्यात. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर असल्याने निवृत्त सैनिकांची घरे गल्लोगल्ली आहेत आणि वेब्लीचे नाव काढले की कोणी ना कोणी .४५५ बोअरच्या जुन्या लष्करी वेब्लीची किंवा .३८ च्या एन्फिल्डची आठवण सांगतो. ती शस्त्रे वेगळी. .३८० आणि .४५५ ही लष्करी काडतुसे चालणारी रिव्हॉल्व्हरे आपल्याकडे निषिद्ध बोअरमध्ये मोडतात आणि साध्या परवान्यावर ती घेता येत नाहीत. आपल्यासारख्याला उरते ते .३२. त्यातही एक बारकावा आहे. .३२ स्मिथ अँड वेसन हे आखूड काडतूस १८७८ चे, तर .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६ चे. फार जुन्या खिशातल्या रिव्हॉल्व्हरांत फक्त आखूड काडतूस बसते आणि आज आपल्याकडे सरकारी कारखान्याचे मिळते ते लाँग. त्यामुळे ‘बत्तीस बोअर आहे’ एवढ्या शब्दावर व्यवहार करू नये. काडतुसे बसतात त्या फिरत्या सिलिंडरची घरे लाँग काडतुसाच्या मापाची आहेत का, हे विचारून घ्यावे. काकांचे वेब्ली लाँगचे होते.

कागदांकडे मी इतक्या काळजीने का पाहिले, याचे कारण त्याआधीचा एक अनुभव आहे. दुसऱ्या एका गावी एका विक्रेत्याने मला असेच एक विलायती रिव्हॉल्व्हर दाखवले होते. ते लांबून नव्यासारखे चमकत होते आणि किंमतही या वेब्लीपेक्षा कमी होती. मी ते उजेडात तिरपे धरले, तेव्हा चौकटीवरच्या क्रमांकाभोवतीचा पृष्ठभाग आजूबाजूपेक्षा किंचित खोलगट दिसला. कोणीतरी कानशीने घासून मग पुन्हा पॉलिश केल्यावर जसा दिसतो तसा. पाचवा आकडा इतर आकड्यांपेक्षा थोडा तिरका आणि उथळ होता. विक्रेता म्हणाला, “साहेब, जुन्या मालात असे असतेच.” नसते. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ प्रमाणे शस्त्रावरचे निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा ओळखखूण खोडणे, बदलणे किंवा खोटी घालणे हा गुन्हा आहे आणि असे शस्त्र ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ते केले असे उलट सिद्ध होईपर्यंत मानले जाते. म्हणजे ते शस्त्र मी घेतले असते तर दुसऱ्याच्या कानशीचा जबाब मला द्यावा लागला असता. मी ते परत टेबलावर ठेवले आणि तिथून बाहेर पडलो. घरी येईपर्यंत माझ्या हाताला घाम सुटलेला होता.

काकांच्या वेब्लीच्या बाबतीत हा प्रश्नच आला नाही. चौकटीवरचा क्रमांक स्वच्छ, एकसारख्या खोलीचा होता आणि तो काकांच्या परवान्यावरील, जुन्या खरेदी पावतीवरील आणि विक्रेत्याच्या जमा-वहीतील क्रमांकाशी आकडा न् आकडा जुळला. काकूंनी एका कापडी पिशवीत जपून ठेवलेला पावत्यांचा गठ्ठा मला विशेष आवडला. निवडणुका आल्या की आपल्याकडे परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करावे लागते. बेळगाव लोकसभेची एप्रिल २०२१ ची पोटनिवडणूक, मे २०२३ ची विधानसभा आणि मे २०२४ ची लोकसभा, अशा तिन्ही वेळच्या जमेच्या आणि परतीच्या पावत्या त्यात होत्या. त्या कन्नडमध्ये होत्या, मागच्या बाजूला काकांनी स्वतःच्या मोडी वळणाच्या मराठी अक्षरात तारीख आणि ‘परत मिळाले, तपासले’ असे लिहून ठेवले होते. आपल्यापैकी बऱ्याच जणांना कन्नड कागद नीट वाचता येत नाही आणि मग आपण सही करून मोकळे होतो. शस्त्राच्या बाबतीत असे करू नये. क्रमांक, बोअर आणि निर्मात्याचे नाव कन्नडमध्ये बरोबर उतरले आहे का, हे वाचता येणाऱ्याकडून तिथल्या तिथे पाहून घ्यावे. मी माझ्या कारखान्यातील कारकुनाला यासाठी बरोबर नेले होते.

घरात सगळे सांगत असत की हे रिव्हॉल्व्हर ब्रिटिश काळातले, काकांच्या वडिलांनी एका साहेबाकडून घेतलेले. शस्त्र मात्र वेगळे सांगत होते. इंग्लंडमध्ये बनलेले प्रत्येक शस्त्र विक्रीपूर्वी सरकारमान्य चाचणीगृहात जास्त दाबाचा बार काढून तपासले जाते आणि त्यावर शिक्का बसतो. बर्मिंगहॅमचे असे चाचणीगृह १८१३ पासून आहे. या वेब्लीवर मुकुटाखाली बी-एन-पी ही अक्षरे होती आणि हा शिक्का १९५४ पासून वापरात आला. म्हणजे शस्त्र स्वातंत्र्यानंतरचे. त्याने त्याची योग्यता कमी होत नाही, उलट पोलाद आणि घडण अधिक अलीकडची म्हणून मला ते बरेच वाटले. पण ‘ब्रिटिश काळातले’ या शब्दांसाठी कोणी वरचे पन्नास हजार मागत असेल, तर भिंग घेऊन शिक्का पाहावा आणि मगच उत्तर द्यावे. आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. कायद्यात जुन्यापुराण्या, पुरावस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही चालू शकणार नाहीत अशांना. चालू रिव्हॉल्व्हर कितीही जुने असले तरी त्याला परवाना लागतोच.

दुसऱ्या फेरीला मी शस्त्र हातात घेतले. विक्रेत्याने आधी ते उघडून, सहाही घरे रिकामी दाखवून मगच माझ्या हातात दिले आणि मीही पुन्हा उघडून पाहिले. वेब्ली मधोमध मोडते. घोड्याजवळचा (घोडा म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा) खटका अंगठ्याने दाबला की नळी आणि सिलिंडर बिजागरीवर खाली झुकतात आणि त्याच वेळी मधला चांदणीच्या आकाराचा भाग, म्हणजे तारा, वर उचलला जाऊन रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडतात. ही रचना पाहायला देखणी आहे आणि हाताळायला फार सोपी, म्हातारा माणूससुद्धा एका क्षणात शस्त्र रिकामे करून दाखवू शकतो. पण हीच बिजागरी आणि हाच खटका प्रत्येक बाराचा धक्का सोसतात. जुन्या वेब्लीचे वय तिथे दिसते.

बाहेरून पाहता डावी बाजू जवळजवळ निर्दोष होती. उजवी बाजू मात्र वेगळी होती. काका शस्त्र चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवत आणि ते नेहमी त्याच कुशीवर पडलेले असे. चामडे ओलावा धरून ठेवते आणि जून ते सप्टेंबर बेळगावात कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, हे सगळ्यांना माहीत आहे. उजव्या बाजूचा निळसर मुलामा जागोजागी तपकिरी झाला होता आणि हाताला बारीक खरखर लागत होती. हा दोष दिसायला वाईट, पण वरवरचा होता.

मग मी नळीच्या वरच्या कण्यावर भिंग धरले. तिथे, नेम धरण्याच्या पात्याच्या थोडे मागे, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत बारीक बारीक खड्डे होते. सगळे एकाच जागी, जवळजवळ गोल आकारात. मला क्षणभर काही सुचले नाही. चाळीस-पन्नास वर्षे दर खंडेनवमीला काकांचे बोट नेमके तिथेच टेकत होते. ओले कुंकू पोलादावर बसायचे, दुसऱ्या दिवशी वरवर पुसले जायचे आणि कण्यावरच्या बारीक खाचांत उरलेला कण पुढच्या वर्षापर्यंत ओल धरून राहायचा. ज्यांच्या घरी शस्त्रपूजा होते त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की पूजा जरूर करा, पण कुंकू शस्त्राखालच्या वस्त्राला लावा किंवा शस्त्रावर कोरडी अक्षत आणि फूल ठेवा, आणि त्याच संध्याकाळी तेलाचा हात फिरवा. त्या खड्ड्यांनी नळीच्या ताकदीला धोका नव्हता, ते वरच्या कण्यावर होते, पण ते पाहून मला वाईट वाटले.

नळी आतून फार चांगली निघाली. लहान विजेरीच्या उजेडात पीळदार खाचांच्या कडा ठळक दिसत होत्या, गंज नव्हता, फुगवटा नव्हता. काकांनी आयुष्यात फार बार काढले नसावेत. इथपर्यंत पाहून मी मनात होकार दिला होता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

तिसऱ्या फेरीला उद्यमबागेत स्वतःची टूलरूम असलेल्या माझ्या शाळासोबत्याला घेऊन गेलो. बेळगावची ही एक मोठी सोय आहे. इथे फाउंड्री आणि मशीनशॉपच्या धंद्यात आयुष्य काढलेली, मायक्रॉनमध्ये विचार करणारी माणसे हाकेच्या अंतरावर आहेत. त्याने शस्त्रे कधी हाताळली नव्हती, पण झीज हा त्याचा रोजचा विषय. विक्रेत्याने नकली काडतुसे दिली, कारण वेब्लीत घोड्याच्या नाकालाच टोचणी असते आणि रिकाम्या घरावर घोडा वारंवार पाडणे तिला बरे नाही.

त्याने आधी शस्त्र बंद करून एका हातात चौकट आणि दुसऱ्या हातात नळी धरली व हलकेच वरखाली हलवली. कानाला लावून ऐकल्यावर अगदी बारीक ‘टक’ असा आवाज आला. बिजागरीत किंचित खेळ होता, काळजी करण्याइतका नव्हता. मग त्याने फीलर गेजची पाती काढली आणि सिलिंडर व नळीमधली फट मोजली. सिलिंडर पुढे ढकलल्यावर फट ०.१० मिलिमीटर आणि मागे ओढल्यावर ०.३० मिलिमीटर. चांगल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही फट साधारण ०.१० ते ०.२० च्या आत राहावी आणि पुढेमागे होणारा खेळ जवळपास जाणवू नये. इथे सिलिंडर आपल्या आसावर दोन दशांश मिलिमीटर पुढेमागे सरकत होते. तो म्हणाला, “हे बसवता येईल, पण आधी बाकीचे बघू.”

बाकीचे म्हणजे फिरणे. रिव्हॉल्व्हरची खरी परीक्षा इथे आहे, म्हणून जरा विस्ताराने सांगतो. घोडा मागे ओढताना आतला एक पंजा ताऱ्याच्या मागच्या दातांना ढकलतो, सिलिंडर एक घर पुढे फिरते आणि घोडा पूर्ण मागे जाण्यापूर्वी खालचा अडसर वर येऊन सिलिंडरला घट्ट धरतो. त्या क्षणी काडतुसाचे घर नळीच्या अगदी समोर असले पाहिजे. हे तपासण्यासाठी एका बोटाने सिलिंडरवर किंचित दाब ठेवून घोडा अगदी हळूहळू मागे न्यायचा. माझ्या मित्राने सहाही घरे अशी फिरवली. चार घरांवर अडसर ‘टिक्’ करून वेळेवर बसला. पाचव्या आणि सहाव्या घरावर घोडा पूर्ण मागे येऊन थांबला तरी अडसर बसलेला नव्हता आणि सिलिंडर बोटाने अजून किंचित पुढे ढकलता येत होते. त्याने खडूने त्या दोन घरांवर खूण केली आणि सगळे पुन्हा केले. पुन्हा तीच दोन घरे. तिसऱ्यांदा केले. तीच.

याचा अर्थ त्याने मला तिथेच समजावला. पंजा झिजला असता तर सहाही घरे उशिरा आली असती. फक्त दोन घरे उशिरा येतात म्हणजे झीज ताऱ्याच्या त्या दोन दातांची आहे. पंजा हा छोटा सुटा भाग आहे, तो बदलता येतो. तारा मात्र काडतुसे बाहेर फेकणाऱ्या भागाचाच अंग आहे आणि तो त्या शस्त्रापुरता हाताने बसवलेला असतो. घर नळीच्या समोर नसताना बार निघाला तर गोळी नळीच्या तोंडाशी एका कडेला घासते, शिशाचे कण बाजूच्या फटीतून उडतात आणि दोन्ही बाजूंना असलेल्याला लागू शकतात. त्यातच फट ०.३० मिलिमीटर. दुकानात बार काढून पाहण्याची सोय नसते, त्यामुळे हे सगळे आधीच हाताने शोधावे लागते.

विक्रेत्याविषयी चांगले लिहिले पाहिजे. त्याने हे सगळे आमच्याबरोबर वाकून पाहिले, वाद घातला नाही आणि किंमत २ लाख ९० हजारांपर्यंत खाली आणली. त्याच्याकडची जमा-वही नीटनेटकी होती, प्रत्येक शस्त्राला क्रमांकाची चिठ्ठी बांधलेली होती आणि आमच्या तिन्ही फेऱ्यांत शस्त्र हातात देण्यापूर्वी उघडून दाखवण्याची रीत एकदाही चुकली नाही. त्याच्या परवान्याची चौकट समोरच्या भिंतीवर होती. एकच उणीव वाटली. दुरुस्तीबद्दल विचारल्यावर त्याने “कारागीर बघतील, होऊन जाईल” असे उत्तर दिले आणि सुटे भाग कुठून आणणार, हे शेवटपर्यंत सांगितले नाही. मूळ कंपनीने वेब्ली रिव्हॉल्व्हरे बनवणे बंद करून चार दशके होऊन गेली. आपल्या कानपूरच्या सरकारी कारखान्याचे बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर याच वेब्लीच्या धर्तीवरचे असले तरी त्याचा तारा आणून वेब्लीत बसवला की काम झाले, असे होत नाही. घासून, जुळवून बसवावा लागतो आणि ते काम परवानाधारक कारागिरानेच करायचे असते.

व्यवहाराची बाजू या शस्त्राच्या बाबतीत सोपी होती. परवानाधारक वारला की शस्त्र ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावे लागते आणि ठरलेल्या मुदतीत वारसांना ते पात्र माणसाला विकण्याचा अधिकार असतो. मुदत टळली तर ते सरकारजमा होते. काकूंची घाई त्यासाठीच होती. परवानाधारक हयात असताना त्याच्याकडून थेट घ्यायचे असेल तर वेगळे. त्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवून घेणाऱ्याचे नाव-पत्ता द्यावा लागतो आणि त्यानंतर ४५ दिवस थांबावे लागते. ओळखीतले आहे म्हणून आज शस्त्र घेऊन कागद उद्या करू, असे कोणीही करू नये. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रे ठेवता येतात, पूर्वी तीन ठेवता येत. ज्याच्याकडे शेताच्या राखणीची बारा बोअर बंदूक आधीच आहे, त्याची एकच जागा उरते. ती जागा कशाने भरायची, याचा विचार त्यानेही करावा.

नव्या मालाशी तुलना मी थोडक्यात केली. कानपूरचे नेहमीचे बत्तीस बोअर वेब्लीसारखेच मधोमध मोडते. २०१४ मध्ये आलेले निर्भीक हे रिव्हॉल्व्हर वजनाला ५०० ग्रॅम आहे आणि त्याची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होती. २०२३ मध्ये आलेल्या प्रबलचे सिलिंडर बाजूला उघडते, त्यामुळे बिजागरीच्या झिजेचा प्रश्नच येत नाही. या तिघांतल्या कशालाच काकांच्या वेब्लीची मूठ नाही. त्या मुठीवर हात बसला की तो तिथेच राहावासा वाटतो, खटका उघडतानाचा आवाज दुसऱ्या कशात नाही. पण कारखान्यावर रात्री दोन वाजता कुत्री भुंकायला लागली आणि हातात शस्त्र घ्यावेच लागले, तर सहापैकी कोणती दोन घरे नळीसमोर येत नाहीत, हे आठवत बसण्याची वेळ माझ्यावर किंवा माझ्या मुलावर यावी, हे मला मान्य नाही.

म्हणून मी ते घेतले नाही. ज्याच्याकडे वेळ आहे, परवान्यात जागा आहे, दुरुस्तीसाठी चांगला कारागीर आहे आणि ज्याला रक्षणापेक्षा जुन्या घडणीची आवड आहे, त्याने २ लाखांच्या आत हे शस्त्र घ्यायला माझी हरकत नाही. मात्र तारा बसवून, मान्यताप्राप्त रेंजवर जाणकाराने तपासल्याशिवाय त्यातून एकही बार काढू नये.

काकूंना सांगायला मी स्वतः शहापूरला गेलो. फोनवर सांगणे मला जमले नसते. दोन दातांची झीज आणि फटीचे आकडे त्यांना समजावून सांगितले आणि त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, “अरे, ते त्यांनी कधी वापरलंच नाही. मग झिजलं कसं?” मला उत्तर माहीत होते. दर खंडेनवमीला पूजेपूर्वी काका सगळ्या मुलांना जवळ बसवून सिलिंडर फिरवून दाखवत. टिक्, टिक्, टिक्, सहा घरे, पुन्हा सहा घरे, आणि मोठ्या हौसेने आम्हालाही ते करू देत. मी काकूंना तेच सांगितले. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे तुम्हा पोरांनीच झिजवलंत.”

त्यांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, जी विक्रेत्याने सांगितली नव्हती. वारसाला तेच शस्त्र स्वतःच्या नावावर करून घेण्यासाठी परवाना मागता येतो, आणि त्यांची धाकटी मुलगी नेमबाजी शिकलेली आहे. काकूंनी तिला त्याच संध्याकाळी फोन लावला. मुदत संपायला अजून अवधी आहे आणि अर्जाचे कागद तिने मागवून घेतले आहेत. माझ्या परवान्यावरची खरेदीची मुदतही याच महिनाअखेरीस संपत होती. मी प्रबलची मागणी नोंदवून पावती कारखान्याच्या तिजोरीत ठेवली आहे.